पाच एकर वरकस, खाली भातखाचरं: आधी खाण आणि मग गोदाम, जमेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही डोंबिवलीत राहता, नोकरी बीकेसीत. आजोबांच्या नावची पाच एकर वरकस, म्हणजे भाताला न चालणारी हलकी जमीन, भिवंडी तालुक्यात, वाडा रस्त्यापासून आत. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची, आता गवत आणि करवंदाच्या जाळ्या. दगड फोडून खडी करणारे एक क्रशरवाले दहा वर्षांच्या करारासाठी मागे लागलेत. गोदामांसाठी जागा जमवणाऱ्या एका दलालाचाही फोन येतो. वरकसाच्या खाली चुलत्यांची भातखाचरं आणि विहीर. चुलते म्हणतात, सुरुंग लागला की विहीर गेली. तुम्ही विचारता, आधी खाणीला देऊन दहा वर्षांनी गोदामाला देता येईल का, की दगड काढला की जमीन कायमची बाद?

एक कबुली आधीच देतो. मी ठाणे, पालघर, रायगडात खाणींचे आराखडे करतो, सव्वीस वर्षं झाली. फी खाणवाला देतो. माझं बोलणं त्या हिशेबाने थोडं वजा करून वाचा.

तुमचा खरा प्रश्न क्रमाचा आहे. शेती पिढ्यान्‌पिढ्या चालते, गोदाम चाळीस-पन्नास वर्षं उभं राहतं, दगडाची खाण दहा-पंधरा वर्षांत संपते. जी संपणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं, तिच्यामागून त्या जागेवर काय येणार हे पहिल्या सुरुंगाआधी ठरायला हवं. आमच्या धंद्यात ते जवळजवळ कुणी ठरवत नाही. आराखड्याच्या शेवटच्या पानावर 'खाणकाम संपल्यावर वृक्षारोपण करण्यात येईल व खड्ड्याचा जलसाठा म्हणून वापर होईल' असं एक वाक्य असतं. मीही ते किती वेळा टाइप केलंय याची गणती नाही.

मी चांदिवलीत वाढलो. दुपारी शिट्टी व्हायची, लाल बावटा फिरायचा, आई आम्हाला घरात ओढायची आणि भांड्यांच्या फळीवर तांब्या थरथरायचा. तेव्हा खाण आधी होती. मग खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती आली, मग वस्तीशेजारी इमारती, मग इमारतींच्या तक्रारी आणि मग खाण बंद. जोगेश्वरी, मालाड, कांदिवली पूर्व, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं. पुढे तुर्भे-पावण्याच्या बाजूला पारसिकच्या डोंगरात तेच. आता पाळी भिवंडी, वसई, पनवेलची. म्युझियमची इमारत, जिला पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्हणायचे, ती कुर्ल्याच्या काळ्या-करड्या बसाल्टात आणि मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेली आहे. आज कुर्ल्यात किंवा मालाडात दगड काढतो म्हणाल तर लोक वेड्यात काढतील. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघून या कधी. सुमारे ६१ मीटर उंचीचा, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या बसाल्टच्या खांबांचा सुळका. आजूबाजूचा डोंगर फोडून नेला आणि हा तेवढा उरला. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला, पण तोवर इमारती पायथ्याला भिडल्या होत्या.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की महाराष्ट्रात दगडाला तोटा नाही. दख्खनचा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. तोटा आहे तो शहराजवळच्या दगडाला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. एक ब्रास खडी सव्वाचार टनांच्या आसपास भरते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये टन-सव्वा टन खडी जाते, वर पाऊण टन क्रशसँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू. इतकी जड आणि किलोच्या भावात इतकी स्वस्त वस्तू लांबून आणायची म्हणजे दगडापेक्षा डिझेलच जास्त विकत घ्यायचं. म्हणून क्रशरवाला शहापूरच्या पलीकडे न जाता तुमच्या दारात येतो. आणि ज्या रस्त्यांमुळे त्याला तुमचा दगड हवाय, त्याच रस्त्यांमुळे गोदामवाल्याला तुमची जमीन हवीय. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्याला येऊन संपतो, ७०१ किलोमीटरचा. तुमच्या वरकसाला अचानक दोन गिऱ्हाइकं का आली, त्याचं उत्तर एवढंच.

आता मालकीचा गैरसमज. तुम्ही लिहिलंय, 'आमच्या दगडाला भाव काय मिळेल?' दगड तुमचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजाचा हक्क शासनाकडे राखलेला असतो. जमीन तुमची, खनिज सरकारचं. क्रशरवाला सरकारला रॉयल्टी भरतो आणि तुम्हाला जमीन वापरण्याचं भाडं देतो. ब्रासमागे तुम्हाला जे काही मिळेल ते तुमच्या दोघांमधल्या बोलीवर. ही गोष्ट महत्त्वाची अशासाठी की परवान्यापेक्षा जास्त उत्खनन झालं तर कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो, आणि नोटीस पुष्कळदा सातबाऱ्यावर नाव असलेल्याला निघते. दंड भरला नाही की बोजा सातबाऱ्यावर चढतो. खाणवाला मशीन उचलून दुसऱ्या गावी जातो आणि जमीन विकायच्या वेळी तुम्हाला तो बोजा दिसतो. अशी कुटुंबं मी पाहिलीत, एखाद-दुसरं नाही.

किती दगड निघेल याचा साधा हिशेब करू, कारण त्यावरच सगळी बोली ठरते. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, सुमारे वीस हजार चौरस मीटर. जागा सपाट आणि अगदी चौकोनी धरली तर बाजू १४२ मीटर. हद्दीपासून साडेसात मीटर आत कुदळ लावायची नाही असा नियम आहे, म्हणजे खोदायला उरलं १२७ बाय १२७. सहा-सहा मीटरच्या तीन पायऱ्या, आम्ही बेंच म्हणतो, आणि प्रत्येक पायरीवर सहा मीटर रुंदी सोडली, तर अठरा मीटर खोलीपर्यंत अखंड दगड निघतो जेमतेम दोन लाख चाळीस हजार घनमीटर. फुटल्यावर तो दीडपट फुगतो. म्हणजे सव्वा लाख ब्रास. २०२१ मध्ये राज्याने रॉयल्टी ब्रासमागे ६०० रुपये केली, त्या दराने सरकारचेच साडेसात कोटी होतात. हे आकडे पाहून क्रशरवाल्याची पहिली ऑफर पुन्हा एकदा वाचा.

पण वरकस कधी चौकोनी असते का? वाटण्या होत होत ती पट्टी होते. तीच पाच एकर पन्नास मीटर रुंदीची लांबलचक पट्टी असेल तर हद्दीचं अंतर आणि पायऱ्या सोडून दगड निघतो एक लाख अठ्ठावन्न हजार घनमीटर. क्षेत्र तेवढंच, दगड एक तृतीयांशाने कमी. मग मोह काय होतो? साडेसात मीटर सोडायचे नाहीत, पायऱ्या ठेवायच्या नाहीत, सरळ भिंत उतरवायची. पट्टीच्या खाणीतच मला सगळ्यात जास्त बेकायदा आणि सगळ्यात जास्त जीवघेण्या भिंती दिसल्यात. तुमचा गट नकाशावर कसा दिसतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आधी बघा.

याच्याहून मोठा प्रश्न उताराचा, कारण तुमच्या 'नंतर गोदाम' या कल्पनेचं जगणं-मरणं त्यावर आहे. जमीन डोंगराच्या उतरणीवर असेल आणि खालचा रस्ता ज्या पातळीवर आहे तिथपर्यंतच दगड काढला, तर खाण संपते तेव्हा हातात एक सपाट ओटा येतो. मागे पायऱ्यांची भिंत, पुढे रस्ता, पावसाचं पाणी आपोआप वाहून जातं. गोदामाला याहून चांगला पाया नाही, अखंड काळा पाषाण. उलट जमीन सपाट माळ असेल तर खाण संपल्यावर उरतो साठ फुटी खड्डा. पहिल्याच पावसाळ्यात तो भरतो आणि मग त्याचं तळं होतं, गोदाम नाही.

'खड्डा भरून घेऊ' असं दलाल म्हणेल. मुंबईत तसं खूप झालंय, राडारोडा आणून ओतायचा आणि वरून मुरूम पसरायचा. अठरा मीटर खोल, न दाबता टाकलेली भर वर्षानुवर्षं बसत राहते, तीही सारखी नाही, एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. गोदामाची लादी म्हणजे हजारो चौरस मीटरचा एकसंध काँक्रीटचा तुकडा, वर रॅक आणि फोर्कलिफ्ट. ती एका बाजूला दोन इंच खचली तरी भाडेकरू करार मोडून जातो. आणि डंपर रात्री आला तर त्यात राडारोडाच होता की कचरा, हे कोण बघणार? कचरा असेल तर खाली वायू तयार होतो आणि झिरपणारं पाणी थेट चुलत्यांच्या विहिरीकडे.

विहिरीकडे येतो आता, कारण चुलत्यांचं म्हणणं मला उडवून लावण्यासारखं वाटत नाही. फक्त त्यांनी कारण चुकीचं पकडलंय. सुरुंगाच्या हादऱ्याने विहीर आटणं क्वचित घडतं. विहीर आटते ती खाणीचा तळ पाण्याच्या वाटेखाली गेला की.

आपला डोंगर एका दगडाचा नाही, थरांचा आहे. लाव्हा एकदा आला, थंड झाला, त्यावर माती झाली, मग पुन्हा लाव्हा. वरच्या थराने खालची माती भाजून निघाली आणि तांबडी, चिकण झाली. आमचे लोक तिला रेड बोल म्हणतात, गावात गेरूचा पट्टा म्हणतात. त्यातून पाणी सहज खाली जात नाही. डोंगरावर मुरलेला पाऊस भेगांमधून उतरत या पट्ट्याला थडकतो आणि आडवा सरकतो. जिथे तो पट्टा उतारावर उघडा पडतो तिथे झरा. कोकणपट्टीत गावं, पाडे, विहिरी बहुतेक अशाच झऱ्यांच्या रेषेवर बसलेली असतात, पूर्वजांनी नकाशा न काढताच. खाणीने हा पट्टा कापला की आडवं येणारं पाणी विहिरीऐवजी खाणीत पडतं. खाणवाला पंप लावून ते ओढ्यात सोडतो. पावसाळ्यात कुणाला कळत नाही. मार्चमध्ये कळतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका खाणीत अशीच एका पाड्याची विहीर गेली आणि त्या खाणीचा आराखडा माझ्या सहीचा होता. मी तळाची पातळी जमिनीपासून खोली मोजून लिहिली होती, पाण्यापासून नाही. डिसेंबरात पाहणी केली होती आणि एकही बोअर घेतलं नव्हतं, कारण मालकाला घाई होती आणि मलाही. खाणवाल्याने पुढे टँकर चालू केला, दोन उन्हाळे. मग खाण संपली, टँकर संपला. पाड्यातल्या बायका आजही खालच्या ओढ्यात झिरे खणून पाणी आणतात. तेव्हापासून कोअर बोअर, म्हणजे खालच्या थरांचा नमुना काढणारं भोक, घेतल्याशिवाय आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय मी तळ लिहीत नाही. कामं गेली त्यामुळे काही.

बोअरचा आणखी एक उपयोग. काळा फत्तर निघाला तर खडी चांगली. मांजऱ्या निघाला, म्हणजे पोकळ्यांत पांढरे मणी भरलेला मऊसर दगड, तर काँक्रीटवाले नाक मुरडतात आणि क्रशरवाला दोन वर्षांत गाशा गुंडाळतो. अर्धवट खणलेली जमीन तुमच्या गळ्यात.

हादऱ्याचं म्हणाल तर तो प्रश्न विहिरीपेक्षा घरांचा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाने त्याची मापं, म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती वेगाने हलावी ते, ठरवून दिलीत. दुसऱ्याच्या राहत्या घरापाशी, कंपन आठ हर्ट्‌झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, आठ ते पंचवीसमध्ये १०, त्यावर १५. यंत्र लावून मोजता येतं, आणि एका वेळी किती भोकं, मधे किती मिलिसेकंदांचं अंतर हे नीट ठेवलं तर पाळताही येतं. माझ्या अनुभवात भांडण कंपनावरून क्वचित पेटतं. ते पेटतं उडालेल्या दगडावरून, आणि रस्त्यावरच्या डंपरवरून. तुमच्या वरकसाकडे जायचा रस्ता चुलत्यांच्या बांधावरून आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर बाकी काहीही वाचू नका, तो प्रश्न आधी सोडवा. वीस टनांचे डंपर खाचरांच्या बांधावरून दिवसाला चाळीस फेऱ्या मारू लागले की धूळ भाताच्या लोंबीवर बसते, बांध खचतो, आणि दिवाळीला चुलते तुमच्याकडे येणं बंद करतात.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, पण माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. खाणीची सावली तिच्या हद्दीपेक्षा फार मोठी असते. केरळातल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादापुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली अंतर सुचवलं: सुरुंग लावणार असाल तर वस्तीपासून २०० मीटर, नसाल तर १००. त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण तो आकडा तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. तुमच्या चौकोनी पाच एकरांभोवती २०० मीटरची रेघ ओढा. आत येणारं क्षेत्र होतं जवळजवळ सव्वीस हेक्टर, चौसष्ट एकर. त्यातली पाच तुमची. उरलेली एकोणसाठ एकर दुसऱ्यांची. त्या एकोणसाठ एकरांत पुढची दहा वर्षं कुणी घर बांधायचं म्हटलं, कुणाला बिगरशेती करायची झाली, तर तुमची खाण आड येणार. भाडं तुम्हाला, सावली त्यांना. त्यात चुलत्यांची खाचरं असणारच.

हे उलट्या बाजूनेही खरं आहे, आणि चांदिवलीत चूक इथेच झाली. अंतर खाणीने राखायचं तसं घरांनीही राखायचं असतं. चालू खाणीच्या कडेला इमारतीला परवानगी दिली की दोघांचंही नुकसान: राहणाऱ्यांची झोप जाते आणि खाली अर्धा दगड तसाच ठेवून खाण बंद होते. मग तोच दगड काढायला वीस किलोमीटर लांब नवा डोंगर फोडायचा. माझं स्पष्ट मत, एका डोंगराला हात लावला असेल तर तो नीट संपवावा, मग दुसरा. दहा डोंगरांना अर्धे-अर्धे लचके तोडण्यात दगडही जातो आणि डोंगरही. यासाठी विकास आराखड्यात खाणीचे पट्टे आधी आखून, त्यांच्याभोवती वस्तीला बंदी घालून, त्यांचा शेवट कोणत्या वापरात होणार तेही रंगवून ठेवायला हवं. मी हे बैठकांत बरीच वर्षं बोलतोय. चहा चांगला असतो तिथला.

परवानग्यांचं फार लांबवत नाही. दीपक कुमार प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हापासून पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते, म्हणजे 'आपली तर छोटीशी आहे' हे चालत नाही. शिवाय ५०० मीटरच्या आत दुसऱ्या खाणी असतील तर सगळ्यांचं क्षेत्र एकत्र मोजतात. ती बेरीज पाच हेक्टरांच्या वर गेली की सविस्तर अभ्यास आणि जनसुनावणी. तुमच्या भागात क्रशर आधीपासून आहेत, त्यामुळे तुम्ही बहुधा या गटात जाल. तुंगारेश्वर किंवा तानसा अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत जमीन असेल तर विषयच संपला. एप्रिल २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयाने खाणींवरची ही बंदी कायम ठेवली. आणि भिवंडी तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तुमचं त्यात असेल तर गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस लागते. क्रशरवाला म्हणेल 'ते मी बघतो.' तुम्ही स्वतः ग्रामसभेला जाऊन बसा. काय बोलतात ते ऐका.

मग मी काय करीन? इथवर जे आलं त्यावरून दोन वाटा दिसतात.

जमीन उतारावर असेल, बोअरमध्ये काळा फत्तर असेल, गेरूचा पट्टा रस्त्याच्या पातळीच्या खाली असेल, पाडा २०० मीटरच्या बराच पलीकडे असेल आणि डंपरचा रस्ता खाचरांतून जात नसेल, तर मी खाणीला देईन आणि पुढे गोदामाला. पण करार दहा वर्षांचा सलग करणार नाही. पाच वर्षांचा, आणि पुढची पाच वर्षं पहिल्या पाचांचं काम पाहून. तळाची पातळी करारात लिहीन, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, 'जमिनीपासून अमुक फूट' असं नाही, कारण जमीन खणली की ती मोजायला उरतच नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी टोटल स्टेशनने, म्हणजे सर्वेक्षणाच्या यंत्राने, मोजणी, खर्च खाणवाल्याचा, प्रत माझ्याकडे. महसूलवाले त्याच मोजणीवर दंड लावतात, तेव्हा ती आपल्या कपाटात असलेली बरी. वरची दोन-तीन फूट माती विकायची नाही, एका कोपऱ्यात ढीग करून त्यावर गवत लावायचं. ही अट ऐकून खाणवाले हसतात. पण माती पहिल्याच वर्षी भरणीला विकली जाते आणि शेवटी मागच्या पायऱ्यांवर झाड लावायला मूठभर उरत नाही. आणि बँक गॅरंटी, जी शेवटच्या पायरीची भिंत उतरती करून, रस्ता दुरुस्त करून दिल्यावरच सुटेल. यातलं काहीही कायद्याने तुम्हाला कुणी आयतं देणार नाही. ते करारात घालून घ्यावं लागतं, आणि तेही सही करायच्या आधी, कारण नंतर तुमच्या हातात फक्त फोन राहतो आणि तो उचलला जात नाही.

चुलत्यांना कराराबाहेर ठेवू नका. त्यांच्या विहिरीची पातळी करारात नोंदवा आणि ती एका ठरावीक खुणेखाली गेली तर पंप बंद आणि खोदकाम बंद, असं लिहा. भाड्यातला काही भाग त्यांना द्या. तुम्हाला हे जास्त वाटेल. एकोणसाठ एकरांचा हिशेब आठवा.

दुसरी वाट: जमीन सपाट असेल किंवा गेरूचा पट्टा वरच असेल, तर खाणीला देऊ नका. दगड कितीही चांगला निघो. तिथे खाण आणि गोदाम एकामागून एक होत नाहीत, खाणीनंतर तळं होतं आणि चुलत्यांची विहीर जाते. मग सरळ गोदामाचा विचार करा, किंवा काहीच करू नका. वरकस रिकामी पडलीय असं तुम्ही लिहिलंय, पण डोंगरावरचा पाऊस तिच्यातूनच मुरून खाचरांत जातो आणि गावची गुरं तिच्यावर चरतात. सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते इतकंच.

सातबाऱ्यावरून आठवलं. आजोबांच्या नावची म्हणता, मग वारसांची नावं लागलीत का? आत्यांची? नसतील तर आधी फेरफार. दोन आत्यांची संमती न घेता केलेला करार मी एकदा कोर्टात पाहिला. खाणीत सहा वर्षं पाणी साचून राहिलं आणि शेवटी दोन्ही बाजू वकिलांना पैसे देत होत्या.

'मग मुंबईने दगड आणायचा कुठून?' असं कुणीतरी विचारेलच. एक उत्तर मुंबईतच पडून आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा नीट फोडून, चाळून वापरता येतो. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत त्याला जागा आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ प्रतीपर्यंतच्या आरसीसीमध्ये २० टक्के, आणि अगदी हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण. महापालिकेने दहिसर आणि शिळ-डायघरला त्यासाठी प्रकल्पही काढलेत. त्याने खाणी बंद होणार नाहीत, उंच इमारतीच्या खांबात तो माल जाणारही नाही. पण रस्त्याखालची भर आणि जोत्याचं भरणं यासाठी तुमच्यासारख्याच्या डोंगरातला पहिल्या प्रतीचा काळा फत्तर जातो, ते मला बघवत नाही.

आता तुमच्याकडून मला हवंय ते एवढंच: गटाचा नकाशा, चारी बाजूंचे फोटो, जवळच्या घरापर्यंतचं अंतर आणि जायचा रस्ता कुणाच्या नावावर आहे ते. क्रशरवाल्याला मेअखेरपर्यंत थांबायला सांगा. थांबत नसेल तर त्याची घाई कशाची ते मला कळवा, बहुधा त्याच्या जुन्या खाणीची मुदत संपत आली असेल. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, चुलत्यांना बरोबर घेऊन विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती हात, हे दोघांनी मिळून वहीत लिहा, तारीख घाला, खाली चुलत्यांची सही घ्या. विहिरीचा काठ वरकसाच्या खालच्या बांधापेक्षा किती खाली आहे तेही अंदाजाने लिहा. हे दोन आकडे कळवलेत की तळ कुठवर न्यायचा, की न्यायचाच नाही, ते मी सांगू शकेन.